नव्या लेन्सबद्दलची तक्रार

सोलापूर,
१९ मार्च १९७८

प्रिय चन्नू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असशील, तर दचक. अप्पा गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. तुझं ते चार ओळींचं पत्र आलं, त्यालाही उत्तर दिलं नाही, आणि मुद्दामच दिलं नाही. अव्वानं तर पोटच्या पोराचं, तुझं नाव घेणंच सोडलंय. अप्पांच्या समाधीचा कट्टा बांधून होत आलाय, चैत्रात पूजा घालायची आहे. चन्नूला कळवायचं का, असं मी तिला विचारलं, तर ती तांदूळ निवडत राहिली, मान वर केली नाही. म्हणजे तुझं या घरात काही उरलंय की नाही, हे ठरवायचं माझ्यावर आलं. आणि मी ठरवलंही होतं. पण त्याआधी मला तुझ्याशी व्यवहाराचं बोलायचं आहे. तू मला मुंबईहून जी नवी लेन्स विकलीस, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. तू दुकानातला माणूस, मी गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं असतं. तेव्हा हे पत्र मधेच फाडू नकोस.

मला संशयाची सवय आहे हे तुला नव्यानं सांगायला नको. गवळ्यादेखत मी दुधात बोट बुडवून बघतो. तुझी वैनी तर म्हणते, लग्नात अंगावर पडलेल्या अक्षतासुद्धा यांनी उचलून तांदूळच आहेत ना ते बघितलं असेल. तर अशा माणसाला तू दिवाळीत लिहिलंस, की आपल्याकडे आहे तीच लेन्स कंपनीनं पुन्हा नव्यानं बनवली आहे. पन्नास एमएम, १.४, आकडे तेच. आतल्या काचा नव्या, काचेवरचा लेप नवा, आणि किंमत जवळजवळ दुप्पट. मी म्हटलं, वा रे वा, आकडा तोच आणि किंमत दुप्पट, मग वरचे पैसे कशाचे? त्यावर तुझं उत्तर आलं की अण्णा, जुनी लेन्स जास्त उजेड घ्यायला पूर्ण उघडली की फोटो धुकट येतो, म्हणून तू ती कधी पूर्ण उघडतच नाहीस, मग इतका उजेड घेणारी लेन्स बाळगून तुला उपयोग काय? नवी पूर्ण उघडली तरी स्वच्छ देते, अंधाऱ्या घरात फ्लॅश न लावता फोटो काढून बघ आणि मग बोल. आता यात खोटं काही नव्हतं. जुनी पूर्ण उघडली की नवरीच्या अंगावर कुणी दूध ओतल्यासारखा फोटो येतो, हे मी कितीदा बघितलंय. पण समोरचा बरोबर बोलायला लागला की मला जास्तच संशय येतो.

आणि लेन्स आली तरी कशी? ना खोका, ना पावती. आपल्या गल्लीतले चादरीवाले अण्णाराव मुंबईला आले होते, त्यांच्या पिशवीतून, लहान मुलाच्या एका जुन्या झबल्यात गुंडाळून. मी आपल्या फोटोच्या दुकानाचं दार लोटून घेतलं आणि मगच ती बाहेर काढली. पहिला संशय, माल चोरटा आहे. दोन वर्षांपूर्वी आणीबाणीत असल्या मालासाठी लोकांना घरातून उचलून नेत होते, विसरलास का? दुसरा संशय, वरचं कवच नवं आणि आतल्या काचा जुन्याच. तिसरा संशय त्या झबल्याचा. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं पोपट विणलेला, गळ्याशी दुधाचा डाग. हे कुणाचं? तू तर कधी काही लिहिलं नाहीस. तुझ्या वैनीनं ते माझ्या हातातून घेतलं, धुतलं, वाळवलं आणि कपाटात तिच्या पैठणीखाली ठेवून दिलं. मी विचारलं तर म्हणाली, तुम्ही तुमची लेन्स बघा की.

अप्पांना मी लेन्स कुठून आली ते सांगितलं नाही. तू राजमणीशी लग्न केलंस ते सांगायला घरी आलास, आणि विणकराघरची तेलुगू पोर लिंगायताच्या घरात कशी नांदायची म्हणून जे काही झालं, त्यानंतर तुझा विषय या घरात कुणी काढत नव्हतं. ‘मी या घरात आहे तोवर उंबरा ओलांडायचा नाही,’ हे त्यांचं वाक्य तुलाच काय, सगळ्या गल्लीला पाठ आहे. पण थकले तरी रोज सकाळी दुकानात येऊन खुर्चीत बसायचे. त्या दिवशी त्यांनी हात पुढे केला, मी लेन्स दिली. उठून दारातल्या उन्हाकडे धरून त्यांनी ती आधी इकडून बघितली, मग तिकडून बघितली. काचेवर हळूच फुंकर मारली आणि वाफ कशी उडते ते बघत राहिले, त्यांची जुनी सवय. मग मला विचारलं, कुणी निवडली? मी म्हटलं, दुकानवाल्यानं. त्यांनी लेन्स परत दिली आणि म्हणाले, “दुकानवाल्याला काच कळते.” मला तेव्हाच संशय आला होता की म्हाताऱ्याला सगळं ठाऊक आहे.

तरी माझा काही विश्वास बसला नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत मी ती लेन्स नेली खरी, पण अर्धीमुर्धी मिटूनच वापरली. नंदीध्वज काढले, अक्षता सोहळ्याची गर्दी काढली, खेळण्यांच्या दुकानांपुढचे चेहरे काढले. फोटो ठीक आले. पण तसे ते जुन्या लेन्सनंही आले असते. पूर्ण उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही. पैसे बुडाले हे कळण्यापेक्षा संशयात राहिलेलं बरं, असाही एक माणसाचा स्वभाव असतो. ती लेन्स मी पहिल्यांदा पूर्ण उघडली, ती अप्पांचा शेवटचा फोटो काढताना.

अप्पांचं नाव गावात कशानं झालं, ते आठवतंय ना? आपल्यात माणूस गेला की त्याला बसवतात, अंगाला विभूती लावतात, तळहातावर लिंग ठेवतात, हारांनी झाकतात, आणि घरचे सगळे भोवती उभे राहून फोटो काढून घेतात. हा बसता फोटो काढावा तर सिद्रामप्पांनी, असं अक्कलकोटपर्यंतची माणसं म्हणायची. काळं फडकं डोक्यावर घेऊन ते लेन्सचं झाकण काढायचे आणि सावकाश परत लावायचे. आपल्या माळवदाच्या घरांत उजेड असतो तरी केवढा? तेवढा वेळ लागायचाच. आणि रडणारी माणसं तेवढा वेळ स्थिर कुठली राहायला? प्रिंट निघाली की मधे बसलेला माणूस तेवढा स्वच्छ, कपाळावरच्या पट्ट्यांसकट, आणि भोवतीचे सगळे हललेले, पुसट. तू एवढासा होतास. डार्करूममध्ये स्टुलावर उभा राहून तू विचारलंस, अप्पा, यात मेलेलं कोण आणि जिवंत कोण? अप्पा पोट धरून हसले होते. त्याच खोलीत पुढे एकदा प्रिंटच्या कडा कापायच्या कटरमध्ये तुझ्या डाव्या करंगळीचं टोक गेलं. अप्पांनी तुला खांद्यावर टाकलं आणि भर उन्हाच्या रस्त्यानं दवाखान्यापर्यंत अनवाणी धावले. चपला घालायचं भान त्यांना नव्हतं. मी त्या हातात घेऊन मागं पळत होतो.

अप्पा गेले त्या सकाळीच मी तुला तार केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबायचं ठरलं. लोकांना आम्ही सांगत होतो की विजापूरची आत्या यायची आहे. आत्या आदल्या संध्याकाळीच येऊन अव्वाजवळ बसली होती, हे सगळ्यांना दिसत होतं. मुंबईची गाडी येऊन गेली. विधीला आलेले स्वामी एकदा घड्याळाकडे बघायचे, एकदा माझ्याकडे. शेवटी अप्पांना फुलांनी मढवलेल्या पालखीत, विमानात बसवून मधल्या सोप्यात आणलं. दुसऱ्या स्टुडिओतून कुणाला तरी बोलवू, असं एकजण म्हणाला, तर मी त्याच्या अंगावर गेलो. सिद्रामप्पांचा फोटो दुसरा कोण काढणार? अव्वा म्हणाली, फ्लॅश लावू नको, त्यांना तो कधी सोसला नाही. उजेड तर संध्याकाळच्या कडेला आलेला. म्हटलं, आता बघूच तुझ्या त्या काचेत काय दम आहे. आणि पूर्ण उघडली.

आता तक्रारीचा भाग येतो, नीट वाच. या कॅमेऱ्यात बघताना मधोमध एक वाटोळं असतं आणि त्याचे वर-खाली दोन अर्धे असतात, हे तुला माहीत आहे. एखादी उभी रेघ त्यात तुटलेली दिसते, आणि ती जुळली की फोकस झाला. मी वाटोळं अप्पांच्या कपाळावर नेलं. कपाळभर विभूतीचे पट्टे, तेही आडवे. आडवी रेघ त्या वाटोळ्यात तुटत नाही आणि जुळतही नाही, नुसती जागच्या जागी राहते. डोळे मिटलेले. गळ्यापासून खाली सगळी फुलं. हनुवटीला कापड बांधलेलं, त्याचीही रेघ धड सापडेना. कॅमेरा उभा धरून बघायचं साधं सुचायला हवं होतं, पण स्वामींची घाई, बायकांचं रडणं, आणि माझे डोळे, म्हणजे उदबत्तीचा धूर फार झाला होता. मला अप्पांच्या खांद्याशी एक उभी रेघ दिसली. विमानाची काठी समजून मी ती जुळवली, आणि बटण दाबलं. एकच फोटो काढला. दुसरा काढायला हात उचलला नाही.

फिल्म धुतली, प्रिंट काढली, आणि माझं डोकंच फिरलं. भोवतीची माणसं हललेली नव्हती, मान्य. पण अप्पांचा चेहरा मऊ, पुसट. पट्टे विरघळलेले. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या मेलेल्यांना स्वच्छ ठेवलं, त्याचाच चेहरा माझ्या हातून गेला. आणि मी काय केलं असेल सांग? सगळा राग लेन्सवर काढला. म्हणजे तुझ्यावर. म्हटलं, बघा, नवीच्या नावाखाली जुनी गळ्यात मारली. आला नाही तो नाहीच, वर बापाचा शेवटचा फोटोही घालवला. त्याच सुमाराला तुझं पत्र आलं. तार उशिरा मिळाली, आणि रजाही मिळाली नाही. ते वाचून माझा संशय पक्का झाला. खरं कारण एकच असतं, चन्नू. तू दोन दिली होतीस.

अप्पा गेले तेव्हापासून मी घरातही सगळ्यांवर संशय घेत सुटलो होतो. त्या दिवशी समाधी देऊन परत आलो तर परसदाराची कडी काढलेली. तिथं पाय धुवायच्या दगडाजवळ अप्पांच्या चपला असायच्या, त्या नाहीत. मेलेल्या माणसाच्या चपला चोरणारा कोण असेल, म्हणून मी आलेल्या एकेका माणसाची आठवण काढून त्याला मनातल्या मनात चोर ठरवलं. शेजारच्यांनाही सोडलं नाही. तुझ्या वैनीवर ओरडलो, घरात एवढी माणसं आणि मागचं दार उघडं टाकतेस? एरवी एकाला चार ऐकवणारी बाई गप्प बसली, याचा संशय मात्र मला आला नाही बघ.

गेल्या आठवड्यात मी ठरवलं, लेन्स परत पाठवायची आणि सोबत शेवटचं पत्र लिहायचं. पण परत करायची तर पुरावा हवा. दुकानामागच्या भिंतीला जुनं वर्तमानपत्र चिकटवलं, कॅमेरा स्टँडवर ठेवला, आणि जुनी लेन्स आणि नवी लेन्स, दोन्ही पूर्ण उघडून त्या कागदाचे फोटो काढले. तसेच दारात अव्वाला बसवून काढले. फिल्म धुऊन भिंगाखाली धरली. जुनीत अक्षरांभोवती तेच दूध, अव्वाच्या पांढऱ्या केसांभोवती तेच धुकं. नवीत वर्तमानपत्राच्या कडेची बारीक जाहिरातसुद्धा वाचता येत होती. अव्वाच्या गालावरची एकेक सुरकुती जागेवर. मी पुन्हा काढले, जागा बदलून काढले. तेच. खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. लेन्सला दोष द्यायची सोय गेली होती. काच बरोबर असेल, तर मग त्या दिवशी फोकस गेला कुठं? कुठं तरी गेला असणारच की. काच बरोबर असली की फोकस हरवत नाही, दुसरीकडे पडतो.

अप्पांची निगेटिव्ह पुन्हा काढली. या वेळी अप्पांकडे बघितलंच नाही. भिंग घेऊन कडेकडेनं फिरलो. पुढं उभी असलेली आत्या मऊ. बाजूला तुझी वैनी मऊ. मग अप्पांच्या खांद्यावरून मागं गेलो, आणि तिथं परसदाराची चौकट. झरोक्यातला उजेड तिच्यावर तिरपा येतो, तुला माहीत आहे. लाकडाचा दाणा न् दाणा मोजून घ्यावा इतकी स्वच्छ. विमानाची काठी म्हणून मी जी रेघ जुळवली होती, ती चौकटीची होती. आणि त्या चौकटीवर चार बोटं होती. बाहेरून धरलेली. शेवटच्या बोटाला टोक नव्हतं.

मी भिंग खाली ठेवलं. बाहेर जाऊन पाणी प्यालो. परत येऊन एनलार्जर जेवढा वर जातो तेवढा नेला आणि फक्त त्या चौकटीची प्रिंट काढली. कागदावर तू वर येत गेलास. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दाढी वाढलेली, अंग सगळं उंबऱ्याबाहेर आणि फक्त हात चौकटीवर. दुसऱ्या हातानं छातीशी काहीतरी धरलेलं. मी आधी म्हटलं पुडकं असेल. मग अंगठा दिसला. अप्पांच्या चपलेचा तो पुन्हा शिवून घेतलेला अंगठा. सोप्यातले सगळे अप्पांकडे बघत होते, आणि मी कॅमेऱ्यात डोळा घालून तुझ्या बोटांवर फोकस करत होतो, आणि मला कळलं नाही. माझ्यासारख्या संशयी माणसाला ते दिसू नये, याची मला फार लाज वाटते.

ओली प्रिंट तशीच घेऊन मी घरी आलो आणि तुझ्या वैनीपुढं धरली. तिनं पदरानं हात पुसले, बघितली, आणि मग जे सांगितलं ते मी तुला मुद्दाम लिहितो, कारण तू तिला शपथ घातली होतीस म्हणे. शपथ तिनं मोडली नाही, फोटोनं मोडली. परसदाराची कडी तिनंच काढून ठेवली होती. तार गेली म्हणजे भावजी येणार, आणि पुढच्या दारानं यायचे नाहीत, हे तिला कळलं होतं. मला कळलं नाही. तिनं तुला हात धरून आत ओढायला बघितलं, आता कोण अडवतंय म्हणाली. त्यावर तू जे म्हणालास ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं: “अप्पा अजून बसलेत की घरात.”

हे ऐकून मी ती प्रिंट पुन्हा उजेडाकडे धरली रे. इतर कुणाचा बाप गेला तर तो आडवा असतो, झाकलेला असतो, गेलेला दिसतो. आपले अप्पा ताठ बसले होते, विभूती लावून, सोप्याच्या मधोमध. घरात आहे तोवर ओलांडायचं नाही म्हणाले होते, आणि ते घरात होते. तू शब्द पाळलास. माणूस गेल्यावरही पाळलास. आणि मला लिहिताना तारेचं न् रजेचं खोटं सांगितलंस, का तर मी वैनीला बोल लावू नये आणि अव्वाला दारातून परत गेलेल्या पोराचं दुःख नको. आम्ही अप्पांना घेऊन निघालो, तेव्हा तू मागच्या बोळातून गेलास, एवढंच तिला ठाऊक आहे. समाधीपर्यंत आला होतास का? सगळे गेल्यावर कुणीतरी वर बेल ठेवून गेलं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी बघितलं होतं. हे मला तूच सांगायचं आहेस.

अव्वाला दाखवू की नको, यावर आम्ही दोघांनी बराच वेळ वाद घातला. शेवटी मी अख्ख्या फोटोची मोठी प्रिंट काढली आणि तिच्यापुढं ठेवली. तिनं चष्मा लावला. अप्पांवरून बोट फिरवलं, आत्यावरून फिरवलं, आणि बोट मागं चौकटीपर्यंत गेलं. “बंदिद्दा,” एवढंच म्हणाली. आला होता. प्रश्न नव्हता तो. मग पदर तोंडाला लावून ती जशी रडली, तशी अप्पा गेले त्या दिवशीही रडली नव्हती. रडणं थांबल्यावर तुझ्या वैनीला विचारलं, पोराला पाणी तरी दिलंस का? दिलं होतं म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी अप्पांचा भिंतीवर लावायचा फोटो निवडायला बसलो, दुकानातल्या खुर्चीतला जुना, चांगला हसरा. अव्वानं तो बाजूला केला आणि ही प्रिंट पुढं सरकवली. मी म्हटलं, अव्वा, यात अप्पांचा चेहरा स्वच्छ नाही. ती म्हणाली, “त्यांचं तोंड मला पाठ आहे. हाच लाव.” काल फ्रेम करून आणला आणि सोप्यात लावला. झबल्याचं तिला अजून सांगितलेलं नाही. ते ज्यानं त्यानं येऊन सांगावं.

तर माझी तक्रार अशी, की मला या लेन्सविरुद्ध एकही तक्रार उरलेली नाही. जुनी असती तर अप्पाही धुक्यात, तूही धुक्यात, आणि चौकटीवरची बोटं मला भिंग लावूनही दिसली नसती. मी तुला तोडून मोकळा झालो असतो आणि आयुष्यभर स्वतःला खरा मानत राहिलो असतो. वरचे पैसे कशाचे, हा प्रश्न मी आता पुन्हा विचारणार नाही. चैत्रातल्या पूजेचं हे आमंत्रण आहे. हे पत्र त्यासाठीच लिहिलं, बाकी सगळी प्रस्तावना. राजमणीला घेऊन ये, आणि ज्याचं ते पोपटाचं झबलं आहे त्यालाही आण. येणार नसशील तर या वेळी एकच कारण लिही, म्हणजे मी विश्वास ठेवीन. परसदारानं येऊ नकोस, तिथं मी कुलूप घातलंय आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. अप्पा आता घरात बसलेले नाहीत, चन्नू. पुढच्या दारानं ये. त्यांच्या चपला पायात घालून ये, आणि पुढच्या उंबऱ्याशी काढून आत ये. माझ्या पायाला त्या कधीच बसल्या नाहीत.

वाट बघणारा,
तुझाच,
गुरू अण्णा